डावीकडून दिलेला नारळ

बबननाना मला आधी ऐकू आले आणि मग दिसले.

माझी बदली सांगोल्याकडून मुळशीत झाली होती. पौडच्या पुढं आत वळणाऱ्या रस्त्याच्या फाट्यावर एसटीनं मला उतरवलं आणि धूळ उडवत ती निघून गेली. हातात दोन जड पिशव्या, चौफेर भाताची खाचरं आणि चिटपाखरू नाही. आता कुणाला विचारावं, या विचारात मी उभी, तेवढ्यात लांबच्या देवळावरचा भोंगा खाकरला.

"गावकरी, हातातलं काम खाली ठिवा आन् कान हिकडं करा. शाळंच्या नव्या बाई फाट्यावर उतरल्यात. सोबत सामान हाय. कुनीतरी गाडी घिऊन जावा. बाईंनी घाबरू नये, गाव चांगलं हाय. आन् ज्याची म्हैस शाळंत शिरलीय त्यानं ती सांजच्याला घिऊन जावी, न्हाईतर बाई उद्या तिला पहिलीत बसवतील."

बाई गं! माझ्या लग्नातसुद्धा माझी एवढी वर्दी कुणी दिली नव्हती. एसटीच्या कंडक्टरनं फोन करून नानांना कळवलं होतं, हे मला मागाहून समजलं. त्याच संध्याकाळी मी नानांच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेतली आणि पुढची काही वर्षं त्या आवाजाच्या सावलीत राहिले.

नाना म्हणजे साठी ओलांडलेला, उंच, सडसडीत गडी. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, मिश्या पांढऱ्याशुभ्र. मुळशीत जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी रस्त्याकडच्या जमिनी बिल्डरांना दिल्या. नानांनी नाही दिली. "भात कुटं पिकवू मंग, गच्चीवर?" असं विचारून त्यांनी एका दलालाला पायरीवरूनच वाटेला लावलं होतं. देवळाचा स्पीकर त्यांच्या ताब्यात होता. पाणी कधी सुटणार, कुणाची शेळी हरवली, कुणाच्या घरी बारसं आहे, कोण गेलं, सगळं गावाला नानांच्या तोंडूनच कळायचं. आणि नुसती बातमी देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक बातमीला त्यांचा स्वतःचा शेरा असायचाच.

त्यांचा एक मोठा दुर्गुण सांगते. या माणसानं जन्मात कधी "चुकलो" हा शब्द उच्चारला नव्हता. "बबन चुकत न्हाई, बबनला सांगणारा चुकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी गावातला एक म्हातारा गेल्याची बातमी स्पीकरवरून दिली. लोक कामं टाकून जमले, तर म्हातारा ओट्यावर बसून भाकरी खात होता. तो काठी घेऊन तणतणत देवळात आला. नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुझी तब्येत बघून कुनाचाबी गैरसमज व्हईल. दवाखान्यात जा आधी." म्हातारा खरंच दवाखान्यात गेला. नानांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, मला हे सांगताना कपाळावर हात मारला होता. "बाई, ह्यो मानूस चितेवर चढंल, पर चुकलो म्हननार न्हाई."

अशा माणसाचं एका नारळावरून सख्ख्या भावाशी वाकडं आलं होतं.

धाकटा भाऊ किसन. गाव त्यांना किसनआप्पा म्हणायचं. आप्पांनी आपल्या वाट्याची जमीन विकून रस्त्याला लागून बंगला बांधला होता, दारात पांढरी मोठी गाडी. तोवर दोघा भावांत तसा गोडवा होता म्हणे. मग गावच्या उत्सवात, भावकीच्या घरोघरच्या माणसाला मानाचा नारळ द्यायची वेळ आली. नारळ द्यायचा मान नानांचा, थोरले म्हणून. आप्पा देवळाच्या पायऱ्या चढून आले, नानांनी डावीकडून हात पुढं करून नारळ धरला, आणि आप्पा त्या हाताकडं न बघता सरळ पुढं निघून गेले. सगळ्या गावासमोर! नानांचा हात तसाच हवेत राहिला.

झालं. माणसाला जमिनीचा पैसा चढला की भाऊ दिसत नाही, असं गाव बोलू लागलं. आणि आप्पाही काही कमी नव्हते बरं का. रस्त्यात हात केला तर बघायचे नाहीत. कुणाच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवरून खुशाल चालत जायचे. पंगतीत शेजारच्याच्या ताटाला त्यांचा पाय लागायचा. गाडी दोन्ही अंगांनी ओरखडलेली. लोक म्हणायचे, पिऊन चालवतो. मलाही एकदा शाळेच्या दारात त्यांचा असा धक्का बसला की हातातल्या वह्या चिखलात गेल्या. ते "कोन हाय?" म्हणून खेकसले. मी घरी येऊन काकूंपाशी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाना ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. भावाचं नावसुद्धा ते घेत नसत. स्पीकरवर सांगायची वेळ आलीच तर "रस्त्याकडच्या बंगल्यातल्यांनी पाणी भरून घ्यावं" असं सांगून मोकळे व्हायचे.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. त्या पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला की नाना हातातलं काम थांबवायचे. गाडी निघून गेली की पुन्हा सुरू करायचे. काकूही ते बघायच्या.

या घरात डोळ्यांचा विषय निघाला तो भातावरून. दिवाळीच्या आधी आंबेमोहोर पिवळा पडायला लागला की नाना खाचरात जायचे, लोंबीतला एक दाणा काढून दाताखाली फोडायचे आणि निकाल द्यायचे, "अजून न्हाई. दूध हाय आत." त्यांचा अंदाज कधी हुकायचा नाही. त्या वर्षी मात्र ते बांधावरून दोनदा घसरून पडले. काकू म्हणाल्या, डोळे दाखवा. नाना म्हणाले, "दिसतंय थोडं अंधुक. मोती आसंल. पिकू दे की. कच्चं पीक कुनी कापतं का?"

आमच्याकडं सगळ्यांची हीच समजूत. मोतीबिंदू पिकल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही. भाताला लावायचा नियम यांनी डोळ्याला लावला होता. मी म्हटलं, "अहो नाना, आता तसं नसतं." तर म्हणाले, "बाई, तुमी पाढे शिकवा."

तेवढ्यात आमच्या शाळेत मुलांचे डोळे तपासायला शिबिर ठरलं. नानांनी त्याची स्पीकरवर अशी काही जाहिरात केली, की मुलांबरोबर त्यांच्या आज्या-आजोबाही रांगेत. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, बारीक चणीच्या, शांत. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी नानांना जवळजवळ ओढतच त्यांच्यापुढं बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी तक्ता वाचायला लावला. नानांनी घडाघडा बराचसा वाचला आणि माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. मग त्या नानांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "नाना, माझ्या नाकाकडं बघायचं. नजर हलवायची नाही. मी बाजूनं बोट आणते. दिसलं की सांगा." त्यांनी दोन्ही हात लांब पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. मला बोटं दिसत होती. रांगेतल्या पोरांना दिसत होती. नाना गप्प. बोट जवळजवळ गालापाशी आलं तेव्हा ते दचकले, "आलं!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "नाना, थोडा मोतीबिंदू आहे. त्याचं आपण बघू. पण मला काचबिंदूची शंका येते. उद्याच दवाखान्यात या."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून नाना-काकूंबरोबर पुण्याच्या दवाखान्यात गेले. तिथं त्यांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. एक डोळा झाकलेला, हातात बटण. मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि इकडं-तिकडं दिवा चमकला की बटण दाबायचं. बाहेरच्या पडद्यावर दिवे चमकताना आम्हाला दिसत होते. चमकायचे, विझायचे. नानांचा अंगठा हलायचा नाही. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "दाबा की ओ," त्या पुटपुटत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी निकालाचा कागद समोर ठेवला. मधे थोडं पांढरं आणि कडेनं काळंच काळं. त्यांनी अगदी सोप्या भाषेत सांगितलं. डोळ्यातला दाब आतल्या नसेला मारतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतच नाही. आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, माणूस पेपर वाचतो, सुई ओवतो, आणि त्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. "गेलेली नजर परत येत नाही, नाना. पण रोज न चुकता थेंब टाकले, तपासणी ठेवली, तर जी उरलीय ती बहुतेक टिकवता येते. आणि हा आजार घराण्यात चालतो. सख्ख्या भावंडांना, मुलांना तपासायला आणा. उशीर करू नका."

नाना बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, माणूस खचला. कुणीही खचला असता. मग त्यांनी मान वर केली. आणि काय विचारलं असेल?

"डॉक्टर, आसा डोळा आसंल आन् मी डावीकडनं नारळ धरला, तर समोरच्याला दिसंल का?"

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. "कसला नारळ?"

"नारळ ओ. मानाचा. हितं." नानांनी हात बाजूला पसरून दाखवला.

"नाही दिसणार," त्या म्हणाल्या.

नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंदे," ते काकूंना म्हणाले, "किस्ना माजला न्हाई गं. त्येला दिसत न्हाई."

मी आयुष्यात बरीच शहाणी माणसं पाहिली आहेत. पण स्वतःची नजर गेल्याचं ज्याला नुकतंच कळलंय, त्या माणसाला पहिल्यांदा दुसऱ्याची नजर आठवावी, हे मी तोवर पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कुरडया, पंगतीतला पाय, गाडीचे ओरखडे, माझ्या चिखलातल्या वह्या, सगळं क्षणात माझ्याही डोळ्यांपुढं आलं. गावानं ज्याला माज म्हटलं तो आजार होता. आणि तो माणूस रोज गाडी चालवत होता!

त्या दिवशी नाना आधी घरी आलेच नाहीत. फाट्यावर उतरून ते तडक बंगल्यावर गेले. आम्ही दोघी मागं मागं. आप्पा झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते, चष्मा नाही काही नाही. नाना फाटकातून आत गेले आणि मधलं सगळं विसरून एकदम म्हणाले, "किस्ना, ऊठ. डोळं तपासायला जायचंय."

आप्पांनी पेपर खाली केला. इतक्या दिवसांनी दारात आलेला भाऊ, ना राम राम ना पाणी, आणि म्हणे डोळे तपास. "माज्या डोळ्याला काय धाड भरलीय? ही बारीक छपाई वाचतुया मी. वाचून दाखवू?"

"समोरचं दिसतंय रं. बाजूचं दिसत न्हाई. माजंबी तसंच हाय. आपल्या घरान्यातच हाय ते."

"घरान्यात?" आप्पा उठून उभे राहिले. "माजा बंगला डोळ्यात खुपतुया तुज्या. आता मला आंधळा ठरवतुयास? हो बाहीर."

आणि त्यांनी भावाला बाहेर काढलं. पुढचे काही दिवस नाना सारखे कुणाला ना कुणाला बंगल्यावर पाठवत राहिले. सरपंच गेले, पुजारी गेले, मी पण गेले. आप्पांचं एकच. बबनच्या सांगण्यावरून मी डॉक्टरकडं जाणार नाही. हे आमच्याकडच्या भावकीचं खास असतं. विषसुद्धा थोरल्यानं सांगितलं म्हणून थुंकणार नाहीत! इकडं डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते. गेलेली परत येत नाही. म्हणजे रोज उजाडत होतं आणि आप्पांच्या नजरेतलं काहीतरी रोज कायमचं जात होतं, आणि वर ती पांढरी गाडी माझ्या शाळेच्या पोरांच्या कडेनं भरधाव जात होती. नानांना जेवण जाईना. "माज्या डोळ्याचं न्हाई एवढं," ते काकूंना म्हणाले, "पर त्यो गेला तर मी काय करू?"

मग एक दिवस सकाळीच भोंगा खाकरला. मी शाळेत प्रार्थना घेत होते.

"गावकरी, हातातलं काम खाली ठिवा आन् कान हिकडं करा. मी बबन बोलतुया. उत्सवाला किस्नानं नारळ घेतला न्हाई म्हनून समद्यांनी त्येला नावं ठिवली. मीबी ठिवली. किस्ना माजलेला न्हाई. त्येला बाजूचं दिसत न्हाई. मी नारळ डावीकडनं धरला, समोर धरायला पायजे व्हता. चूक माजी हाय. मी चुकलो. पुन्यांदा सांगतुया, बबन चुकला. किस्ना, तू आंधळा व्हायला लागलायस, भावा. डाक्टरकडं चल."

पोरं माझ्याकडं बघू लागली, कारण प्रार्थना मधेच थांबली होती. ज्या तोंडातून जन्मात तो शब्द निघाला नव्हता त्यानं तो सगळ्या गावाला, खाचरांना, डोंगराला ऐकू जाईल असा उच्चारला होता. मी पोरांना तशीच सोडून देवळाकडं पळाले. पोरं माझ्यामागं.

आप्पाही आले. येणारच! सगळ्या गावात भोंग्यावरून आंधळा म्हटल्यावर कोण घरी बसेल? चालत आले, रागानं लाल, आणि देवळाच्या पायरीला ठेच लागून जवळजवळ पडलेच. कुणीतरी सावरायला गेलं तर त्याला ढकलून दिलं. "कुटं हाय त्यो? भाईर ये!"

नाना देवळातून बाहेर आले आणि भावाच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभे राहिले. आप्पांनी त्यांची बंडी धरली. लोक सोडवायला धावले, तर नानांनी मान हलवून त्यांना थांबवलं.

"मार. पर आधी एक सांग. माज्या नाकाकडं बघ. नजर हलवू नगं. मी हात लांब केलाय. माज्या हातात काय हाय?"

नानांनी डावा हात पूर्ण बाजूला पसरला होता. हातात नारळ होता. सगळं गाव तो नारळ बघत होतं. माझी पहिलीतली पोरं बघत होती.

आप्पा नानांच्या तोंडाकडं बघत राहिले. "काय न्हाई. हात कुटं केलायस?"

देवळापुढं एवढी माणसं, पण चिडीचूप. एका म्हातारीनं तोंडावर पदर धरला. आप्पांना ती शांतता जाणवली असावी. त्यांचा आवाज खाली आला. "कुटं केलायस हात, दादा?"

"मलाबी माजा हात दिसत न्हाई, किस्ना," नाना म्हणाले. "पर नारळ हाय त्यात. लोकांना इचार."

आप्पांनी हळूच मान वळवली. नारळ त्यांच्यापासून जेमतेम दीड हातावर असेल. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग भावाकडं वळून बघितलं, तर नारळ गेला. पुन्हा मान वळवली, नारळ आला. त्यांनी हात लावून बघितला. बंडी धरलेली मूठ आपोआप सुटली.

"कवाधरनं धरलायस?" त्यांनी विचारलं.

"मागल्या उत्सवापासनं," नाना म्हणाले.

मी रडले. लाजायचं काय त्यात? सरपंच रडले, पुजारी रडले. आप्पांनी तो नारळ दोन्ही हातांनी घेतला, गाडीची किल्ली खिशातून काढून नानांच्या हातात दिली आणि पायरीवर मटकन खाली बसले.

दवाखान्यात आप्पांचा कागद नानांच्या कागदापेक्षा काळा निघाला. मधे रुपयाएवढी जागा तेवढी पांढरी राहिली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी वर्षभर थांबला असतात तर तीही राहिली नसती. गाडी चालवणं कायमचं बंद. थेंब कायमचे सुरू. नानांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना बजावलं, "उरलंय त्येवढ्याची राखन आमी करतो. तुमी थेंब सांगा."

आणि राखण कशी करावी, हे नानांनी गावाला दाखवलं. दोन दिवसांत अख्खी भावकी जीप भरभरून तपासायला गेली. त्यात आणखी काही जणांना तोच आजार सापडला, कुणाला नुसती सुरुवात होती. मग रोज सकाळी आणि दिवेलागणीला भोंग्यावर नवं सत्र सुरू झालं.

"थेंबवाल्यांनी थेंब घ्यावेत. आधी हात धुवा. खालची पापनी वढा, एकच थेंब. बाटली डोळ्याला टेकवू नगा. मंग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरा, न्हाईतर औषध घशात जातं. दुसरी बाटली आसंल तर मधी एक कप च्या प्या, मंगच घाला. आन् शेजाऱ्याच्या ऑपरेशनातनं उरलेले थेंब आपल्या डोळ्यात घालू नगा. शेजाऱ्याचे दात लावून जेवता का तुमी?"

मळणीच्या दिवसांत त्यात भर पडायची. डोळ्यात तूस गेलं तर चोळू नका, पदराच्या टोकानं कोरू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा, नाही निघालं तर डॉक्टर गाठा. नजर अंधुक झाली तर पिकायची वाट बघू नका. हे शेवटचं सांगताना नाना क्षणभर थांबायचे आणि मग म्हणायचे, "मी बघितली व्हती. चुकलो." एकदा तो शब्द तोंडातून सुटल्यावर जणू त्यांना त्याची गोडीच लागली होती! जिथं तिथं चुकलो म्हणायचे. काकू वैतागून म्हणाल्या, "बाई, आता ह्ये भाजीत मीठ कमी पडलं तरी सोताच चुकलो म्हनत्यात. म्या स्वयंपाक करून उपेग काय?"

बाहेरून राहायला आलेली, कंपन्यांतली माणसं सुरुवातीला या भोंग्यावर नाक मुरडायची. मग त्यांच्यातलेच एक जण आपल्या वडिलांना घेऊन नानांकडं आले. थेंब कसे घालायचे ते दाखवा म्हणाले. नानांनी त्यांना चहा पाजला आणि सगळं दाखवलं. "लई सोपं हाय. रोज करायचं, येवढंच अवघड," असं म्हणाले.

पुढं माझी बदली झाली. मी परत सोलापूरकडं आले. फोनवर काकूंशी बोलणं व्हायचं. दर तपासणीला दोघांच्याही कागदावरचं पांढरं तेवढंच राहिलंय, काळं वाढलं नाही, हे त्या अगदी पहिल्यांदा सांगायच्या. मग नानांचा खांदा आखडल्याचं कळलं, हात वर जात नव्हता.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गावी गेले. दुपार कलली होती. घराचं दार उघडं होतं. काकू मागं परसात कुणाशी तरी बोलत होत्या. मी हाक मारणार तोच ओट्यावर नजर गेली आणि थांबले.

नाना भिंतीला टेकून खाली बसले होते, मान मागं टाकून. बरेच वाळले होते. आप्पा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले होते. एका हातानं त्यांनी नानांची खालची पापणी धरली होती, दुसऱ्या हातात थेंबाची बाटली. आप्पांना मधलीच जागा दिसते, म्हणून ते चेहरा अगदी जवळ नेऊन नेम धरत होते, जीभ दाताखाली धरून, लहान पोरासारखे.

"हलू नगंस."

"कोन हलतंय? तूच हलतुयास."

"माज्याकडं बघ."

"तुज्याकडंच बघतुया की. दुसरं काय दिसतंय मला?"

थेंब पडला. नानांनी डोळा मिटला. आप्पांनी बोटानं नाकाजवळचा कोपरा दाबून धरला आणि तसेच बसून राहिले. मिटलेल्या डोळ्यातून थोडं औषध ओघळलं ते त्यांनी आपल्या उपरण्यानं टिपलं. मग दुसरा डोळा. पुन्हा तोंडाशी तोंड.

मी त्यांच्यापासून चार हातांवर, बाजूला उभी होते. चांगली ढळढळीत उन्हात, लाल काठाच्या साडीत. दोघांपैकी एकालाही मी दिसले नाही. त्यांच्याजवळ जेवढी नजर उरली होती तेवढीत एकमेकांचा चेहरा मावत होता, आणि ती पुरी भरली होती. मला हाक मारवेना. पत्रिका मी ओट्याच्या कडेला ठेवली, वर कुंकवाची पुडी ठेवली आणि परसात काकूंना भेटायला मागच्या अंगानं गेले.